काळूराममामाचा बांध

माझ्या मामाला मातीत खळगा बघवत नसे. अंगणात असो, रस्त्याच्या कडेला असो, नाहीतर दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर. आपण त्याच्याशी बोलत असायचो आणि तो मधेच वाकायचा, मूठभर चिखल उचलून कुठल्याशा खाचेत दाबायचा, त्यावर टाच फिरवायचा आणि मग वर बघून विचारायचा, "हां, काय बोलत व्हतीस?" माझा नवरा याला मामाचं वेड म्हणायचा आणि मी नवऱ्यावर चिडायचे. वेडबीड काही नव्हतं. खाडीकाठच्या खारीत जन्मलेल्या माणसाला ते बाळकडूच मिळालेलं असतं.

मामाचं नाव काळूराम. द्रोणागिरीच्या बाजूला, आता जिथे कंटेनरच्या थप्प्या दिसतात, तिथे त्याची खारजमीन होती. बाहेर खाडी, आत भात आणि मधे नुसता चिखलाचा बांध, अशी ती शेती. बांध फुटून पाण्याला वाट मिळाली की तिला खांड म्हणायचे. खांड पडली की खारं पाणी आत शिरतं आणि पुढे कित्येक वर्षं त्या जमिनीत भाताची काडी उभी राहत नाही. म्हणून तिथे एक नियम होता. ज्याला खांड दिसेल त्याने हाक मारायची, आणि हाक कानावर आली की घरटी एक माणूस टोपली घेऊन बांधावर हजर व्हायचा. जेवत असेल तर ताट तसंच सोडायचं. ज्या घरातून कोणी आलं नाही त्या घरच्या लग्नाला गाव जात नसे.

मग चिखलाची ढेकळं हातोहात पुढे जायची, पेंढ्या दाबल्या जायच्या, आणि काहीच थांबेना तेव्हा माणसं स्वतः खांडीत पाठ लावून बसायची. हे मामा इतकं रंगवून सांगायचा की लहानपणी मला तो समुद्राशी कुस्ती खेळून आलेला पैलवान वाटायचा. "पन किती वेळ बसायचं, मामा?" असं विचारलं की तो हसायचा. "भरती उतरंपर्यंत. पानी किती बी चढूं दे, उतरतंच. आपन तवर धरायचं, बस."

जमीन सरकारात गेली तेव्हा बांधाची कोणाला गरज उरली नाही. तरी एका पावसाळ्यात खांड पडली आणि मामाने सवयीने हाक मारली. कोणी आलं नाही. येणार कशाला? आत भात नव्हताच, मुरूम टाकायची वाट बघत पडलेली जमीन होती. मामा एकटा भरती उतरेपर्यंत चिखल वाहत राहिला. मामीने ही गोष्ट आम्हाला हसत हसत सांगायला घेतली आणि शेवटी पदर डोळ्याला लावला. पुढे मामीही गेली. मूलबाळ नव्हतं. तेव्हा माझी आई, कृष्णाबाई, जाऊन भावाचं बोचकं उचलून त्याला आमच्या पाड्यावर घेऊन आली. "भुतासारखा एकटा बसून काय करतंस? चल," एवढंच म्हणाली. मामा तिच्याहून धाकटा. तिच्यापुढे त्याचं कधी चाललं नाही.

आमचा पाडा सुकापूर सोडून आत डोंगराकडे गेलं की पायथ्याला लागतो. आईचा भाऊ म्हणून तो आला तो सगळ्या पाड्याचाच मामा झाला, म्हातारे लोकही त्याला मामा म्हणू लागले. आमचं घर सगळ्यात खालचं, वहाळाच्या कडेचं. डोंगरातून येणाऱ्या ओढ्याला आमच्याकडे वहाळ म्हणतात. वडील गेल्यापासून आई त्या घरात एकटी होती, कारण मी लग्न होऊन नवीन पनवेलला आले होते आणि तिथल्या एका पतपेढीत नोकरीला होते. मामा आल्यावर मला हायसं वाटलं. घरामागच्या खोलीत त्याची वेगळी चूल मांडून झाली. आईच्या हातचं आयतं खायला त्याला लाज वाटायची, आणि दोन दिवसांत ती लाज संपून तो तिच्याच ताटात जेवायला लागला.

आता वहाळाबद्दल सांगते, आणि राग न आणता सांगणं मला जमणार नाही. वरचा डोंगर आधी खडीसाठी फोडला. मग उरलेला खणून प्लॉट पाडले, वर निसर्गाच्या कुशीत घर घ्या अशी भली मोठी पाटी लावली आणि त्या कुशीतला सगळा चिखल आमच्या वहाळात सोडला. माझ्या लहानपणी ज्या वहाळात आम्ही कमरेएवढ्या पाण्यात डुंबायचो, तो गाळाने भरून रस्त्याच्या पातळीला आला. साध्या पावसालाही पाणी घरात. तक्रारी करून लोकांनी हात टेकले. शेवटी एक संस्था आली आणि तिच्याबरोबर अपूर्व नावाचा इंजिनिअर.

अपूर्व शहरातला मुलगा, पण कामाचा. त्याने पाड्याच्या वर आधी एक गाळतळं खणलं आणि त्याच्या खाली मातीचा छोटा बांध घातला. डोंगरातून धावत आलेलं पाणी तळ्यात येऊन दमायचं, त्याच्यातली माती तळाशी बसायची, आणि मग बांधामागे थांबून ते पाइपातून हळूहळू खाली उतरायचं. उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढायचा की पुढच्या पावसाला ते पुन्हा मोकळं. साधी गोष्ट होती. बांधाच्या एका टोकाला त्याने हातभर सखल जागा ठेवून तिथे दगड बसवले. पाणी फारच वाढलं तर ते बांधावरून न जाता त्या दगडांवरून बाजूने निघून जावं म्हणून. त्याला तो सांडवा म्हणायचा.

बांध घालायचं काम सुरू झालं आणि मामा दहा वर्षांनी तरुण झाला. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी काही देणार नव्हतं, तरी पहिल्या दिवसापासून तो तिथे. माती कुठली घ्यायची, किती भिजवायची, कशी तुडवायची, सगळ्यात त्याचं नाक. अपूर्वही कौतुकाने त्याचं ऐकायचा. भांडण झालं ते सांडव्यावरून.

"साहेब, ह्या तर खांड हाय. तुमी बांध घातलांव नि सोताच खांड ठेवलीव?"

"काका, ती खांड नाही. पाण्याला जायला दिलेली वाट आहे."

"पान्याला वाट द्यायची तर बांध कशाला घालायचा?"

अपूर्वने चिडचिड न करता समजावलं. मातीच्या बांधावरून पाणी वाहायला लागलं की ते माती कापत नेतं, आणि मग बांध जरा जरा जात नाही, एकदम जातो. मामाने मान हलवली. मामाची मान मी ओळखते. ती हलली की समजावं, ऐकलेलं नाही.

पहिल्या पावसाळ्यात पाड्यातल्या एकाही घरात पाणी आलं नाही. एक आमचं सोडून. सांडव्यावरून निघालेलं पाणी आमच्या परसातून वहाळाला मिळायचं, आणि एका जोराच्या सरीला ते पडवीत शिरून आईची सगळी लाकडं भिजवून गेलं. घोट्याएवढं पाणी, त्यात काय मोठं. पण आईला बोलायला निमित्त लागायचं. "मेल्या काळू, बांध गावाला नि पानी माझे चुलीला व्हय रं?" ती हसत होती. मामा हसला नाही. दुसऱ्या दिवशी सांडव्यात चिखलाचा थर दिसला. अपूर्वने तो काढून घेतला आणि मामाला पुन्हा सगळं पहिल्यापासून समजावलं. मामाने पुन्हा मान हलवली.

त्याच वर्षी त्याने पाड्याला खारीचा नियम शिकवला. आधी लोकांनी थट्टा केली. "मामा, आमी काय शाळेतली पोरां हाव घंटा वाजली की पळायला?" असं जगन म्हणाला. जगन वहाळाच्या पलीकडच्या तीराला राहायचा आणि पाड्यातल्या प्रत्येकाशी त्याचं कशावरून तरी वाजलेलं होतं. पण दुसऱ्या पावसाळ्यात उंदराच्या बिळातून बांध गळायला लागला, मामाने हाक मारली आणि टोपली घेऊन सगळ्यात आधी पोचला तो जगनच. तासाभरात भोक बुजवलं. नंतर सगळे चिखलाच्या पायांनी आमच्या पडवीत चहा प्यायला बसले. मी त्या दिवशी माहेरी होते. एकमेकांशी न बोलणारी माणसं एका पातेल्यातला चहा ओतून घेत होती आणि आई त्यांना शिव्या घालत जमीन पुसत होती. मामा कोपऱ्यात बसून नुसता बघत होता. इतकं सुखी मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. खार गेली ती त्याला परत मिळाली होती, असं मला वाटलं आणि बरंही वाटलं.

तिसऱ्या वर्षीच्या जुलैत जो पाऊस झाला त्याचं वर्णन करत बसत नाही. पनवेलला राहणाऱ्याला ते सांगायला नको. दुपारी पतपेढीत गुडघाभर पाणी शिरलं म्हणून आम्ही कागदपत्रं टेबलावर चढवत होतो, तेवढ्यात आईचा फोन आला.

"निशा, तुझ्याकडं पानी हाय का?"

"हाय थोडं. तुझ्याकडं?"

"नाय गो, थेंब नाय. काळूने सांडव्यात गोन्या रचल्यान. पन बांधावर कायतरी झालाय, त्यो हाक मारतंय. जाते मी."

"तू कुठं जातंस? म्हातारी तू! घरात बस."

"आपले घरातनं दुसरा कोन हाय जायला? भाऊ हाक मारतंय नि बहीन बसून ऱ्हायली, बरा दिसतंय का?"

फोन बंद झाला. मला एक क्षण फक्त तिचा राग आला, ह्या वयात हिला मिरवायला हवं म्हणून. मग गोण्या हा शब्द डोक्यात शिरला. सांडवा बंद होता. पाण्याला जायला आता दुसरी जागा नव्हती, बांधावरूनच जायला हवं होतं, आणि आई नेमकी तिथे निघाली होती.

मी जगनला फोन लावला. त्याने उचलला तेव्हा नुसता पावसाचा आणि माणसांच्या ओरडण्याचा आवाज. "मामाला दे," मी किंचाळले. त्याने फोन मामाच्या कानाला धरला.

"मामा, गोन्या काढ. सांडवा सोड आधी."

"सोडला तर पानी तुझ्या आयेच्या घरात जाल. या टायमाला लय पानी हाय."

"जाऊं दे घरात! आये घरात नाय, तिथं तुझ्या बाजूला हाय. मामा, बांध जाल."

"नाय जात. धरलाय आमी. सगला गाव हाय." त्याला धाप लागली होती, पण आवाजात भीती नव्हती. "वाईच धरायचं हाय, बाय. आता उतरंल."

आता उतरेल. हे मी ऐकलं आणि मला उमगलं. तो डोंगराच्या पाण्याला भरती समजून बसला होता. साठ वर्षं त्याने एकच पाणी पाहिलं होतं, चढणारं आणि वेळ झाली की परत जाणारं. डोंगरातून येणाऱ्या पाण्याला परत जायला जागा नसते. ते वरून येतच राहतं. "मामा, ही खाडी नाय," मी ओरडले, "ह्ये पानी उतरत नसतं!" पण फोन जगनच्या हातात परत गेला होता आणि तो हॅलो हॅलो करत होता. मग तोही बंद झाला.

पुढचं मला जगनने सांगितलं. पाणी बांधाच्या माथ्याला लागलं तशी मामाने माणसांची रांग केली आणि माथ्यावर चिखलाचा कठडा चढवायला घेतला. जसा कठडा वर चढे तसं पाणीही वर चढे. आई रांगेच्या मधोमध होती, सगळ्यांना हात चालवायला सांगत होती. कठड्यावरून एका जागी पाण्याची पातळ चादर सांडायला लागली. मामा तिकडे पळाला आणि तिथे पाठ लावून बसला. तेवढ्यात मधला भाग आवाज न करता खाली बसला. जगन आणि आणखी दोघं त्यात गेले, ते खाली करंजाच्या झाडाला अडकले आणि वाचले. आई वाचली नाही. जिथे पाठ लावून मामा बसला होता, तो तुकडा मात्र तसाच उभा राहिला.

पाण्याने जगनचा गोठा नेला, वहाळाच्या पलीकडची दोन घरं मोडली, शेतांवर मांडीएवढा गाळ टाकला. आई दुसऱ्या दिवशी खाली रस्त्याच्या मोरीत सापडली. मी रस्ते मोकळे झाल्यावर पोचले आणि आधी घरात गेले. परस कोरडं होतं. पडवीत लाकडं रचलेली होती तशी होती. चुलीवर भाताचं पातेलं होतं आणि त्यावर झाकण. आमच्या घरात पाण्याचा थेंब आला नव्हता. मामाला जे वाचवायचं होतं ते त्याने वाचवलं होतं.

त्यानंतर पाड्यात एक विचित्र गोष्ट झाली. मामाला कोणी काही म्हणालं नाही. अपूर्व आला, गोण्या बघून त्याचा चेहरा पांढरा पडला, पण तोही मामापुढे काही बोलला नाही. ज्यांची घरं मोडली ते म्हणाले, पाऊसच तसा होता. जगन म्हणाला, मामा होता म्हणून एवढा वेळ तरी बांध टिकला. चांगुलपणा होताच, नाही म्हणत नाही. पण मला ठाऊक आहे, गोण्या भरायला सगळ्यांनी हात लावला होता. मामाला बोललं असतं तर स्वतःलाही बोलावं लागलं असतं. मीही गप्प राहिले. भावाने बहिणीची दिवसकार्यं केली, पिंडाला कावळा शिवला, लोक जेवून गेले.

पाऊस संपला तशी संस्था पुन्हा आली. बांध नव्याने घालायचा ठरला, सांडवा आता दुप्पट रुंद. लोक मामाला बोलवायला आले तर तो उठला नाही. चालताना खळगा दिसला तरी वाकायचा नाही, सरळ त्यात पाय टाकून पुढे जायचा. जेवण तर जवळजवळ सुटलंच होतं. दिवाळीनंतर एका रविवारी मी त्याला माझ्याकडे न्यायला म्हणून गेले. आईच्या चुलीवर भात टाकला, ताट वाढून त्याच्यापुढे ठेवलं. तो ताटाकडे बघत बसला.

"मामा, जेव."

"निशा, मना कोन कायच बोलत नाय गो."

"काय बोलायचं?"

"तू बी नाय बोललीस. तुझी आये गेली नि तू बी नाय." तो माझ्याकडे बघत होता. "बोल ना गो. कोनीतरी बोला मना."

मग मी बोलले. इतके महिने दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. म्हटलं, तू मारलंस तिला. अपूर्वने शंभरदा सांगितलं, तू शंभरदा मान हलवलीस. मी फोनवर गळा फाडून सांगितलं. तुला बांध हवा होता, आई नको होती. तुझी खार गेली म्हणून तू आमच्या डोंगरात समुद्र मांडून बसलास. मी रडत होते, ओरडत होते, शेजारची माणसं दारात येऊन परत गेली. मामा एकेका शब्दाला मान हलवत होता, आणि या वेळी तो खरंच ऐकत होता.

मी थकून थांबले तेव्हा त्याने ताट पुढे ओढलं, भाताचा एक घास घेतला, चावून गिळला.

"अजून एक हाय, ते तुला म्हाईत नाय," तो म्हणाला. "खारीत एकट्या बाईचे घराला माफी असायची. म्हातारी, विधवा असंल तर तिच्या घरातनं कोनी नाय आला तरी चालायचा. तुझे आयेला माफी व्हती. ती येवाची नव्हती."

"मग ती आली कशाला?"

"समदी आली. घरटी एक. आपल्याच घरातनं कोनी नाय, मी तर हाक मारनारा. मना वाटला, लोक काय म्हनतील, मामाने आपली बहीन तेवढी घरात ठेवली. मंग मी तिला नावानं हाक मारली. कृष्णे, ये, म्हनून."

त्याने दुसरा घास केला आणि तो हातातच राहिला.

"ती डोक्यावर टोपली घेवून वर येताना दिसली ना गो," तो म्हणाला, "तवा मना लय बरा वाटला."